लेकरू कोणाच्या हाती सोपवावे?



उन्हाळ्याची सुटी जवळ आली, की हुबळी-धारवाडच्या रस्त्यांवर विजेच्या खांबांना आणि शाळांच्या कुंपणांना रंगीबेरंगी फलक लटकू लागतात. कराटे, तायक्वांदो, जूडो, कुंग-फू अशी नावे. त्यांखाली 'आंतरराष्ट्रीय प्रशिक्षक', 'मुलींसाठी खास स्वसंरक्षण वर्ग' अशी आश्वासने. आणि हवेत उंच लाथ झाडणाऱ्या एखाद्या वीराचे चित्र. आता हे वर्ग शहराची वेस ओलांडून खेड्यांकडेही वळले आहेत. अळणावर, कलघटगी, हल्याळ या बाजूच्या आईबापांनी आम्हांस वारंवार विचारले आहे, की मुलामुलींना अशा वर्गास घालावे काय. आणि घालावयाचे तर ज्या विद्येतले आम्हांला ओ की ठो कळत नाही, तिचा विश्वासू शिक्षक आम्ही ओळखावा कसा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अवश्य घालावे. शरीर ही देवाने दिलेली ठेव आहे. ती सुदृढ राखावयास शिकणे यात गैर काहीच नाही. ख्रिस्ती मुलाने मारामारी शिकावी काय, अशी शंका काहींना येते. परंतु चांगल्या वर्गात मारण्याआधी हात आवरावयास शिकवितात. ओकिनावातून जपानच्या मुख्य भूमीवर कराटे नेणारे फुनाकोशी गिचिन हे व्यवसायाने शाळामास्तर होते, आणि या विद्येत पहिला वार आपला नसतो, ही त्यांची मुख्य शिकवण होती. वर्गात शिरताना वाकून नमस्कार करावा लागतो, त्याचाही बाऊ करू नये. तो गुरूला आणि सोबत्याला केलेला मान आहे, पूजा नव्हे. आपल्याकडच्या तालमींत मारुतीच्या तसबिरीखाली हिंदू आणि मुसलमान पैलवान एकाच मातीत पिढ्यान्‌पिढ्या लढत आले. तेथे कोणाचा धर्म बुडाला नाही.

दुसरा प्रश्न मात्र अवघड आहे, आणि आजचा आमचा लेख त्याच्यासाठीच आहे. आमचे म्हणणे आरंभीच एका वाक्यात सांगून टाकतो. शिक्षकाच्या कमरेचा पट्टा पाहू नका. त्याच्या वर्गाचे दार पाहा. ते दार आईबापांना केव्हाही उघडे असेल, आणि त्या दाराआड काय चालते याचा जाब शिक्षकाला कोणीतरी विचारू शकत असेल, तर तो वर्ग विश्वासाच्या वाटेवर आहे असे समजावे. दार बंद असेल, तर भिंतीवर कितीही ढाली आणि चषक मांडलेले असोत, तेथून मुकाट्याने परत फिरावे.

असे आम्ही का म्हणतो? आपल्या भागाला ही विद्या नवी नाही. कानडीत जिला गरडी मने म्हणतात आणि मराठीत तालीम म्हणतात, ती गावोगाव होती आणि कित्येक गावी आजही आहे. कोल्हापुरास १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले, तेव्हापासून आजवर सीमेच्या दोन्ही बाजूंचे मल्ल तेथील मातीत उतरत आले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन परतले. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली होती, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. विचार करा, गाव वर्गणी का काढते? आपले पोर कोणत्या मातीत घुमते, त्याचा वस्ताद कोण आहे, तो पोरांशी कसा वागतो, हे गावाने रोज डोळ्यांनी पाहिलेले असते म्हणून. वस्ताद गावातलाच असे. त्याची बायकामुले, त्याचे देणेघेणे, त्याचा राग आणि त्याचा लोभ सर्वांना ठाऊक असे. एखाद्या पोराला त्याने वाकडा हात लावला, तर दुसऱ्या दिवशी त्याला पारावर चार माणसांत उभे राहावे लागे.

जुन्या तालमीचे सारेच गोड होते असे आम्ही म्हणत नाही. मुलींना तिचे दार बहुधा बंदच होते, आणि वस्तादाचा मार म्हणजे प्रसाद, अशी समजूत होती. गावाची भीड मोठ्यांच्या बाजूने पडे, आणि लहानांची तक्रार गिळली जाई, असेही घडले असेल. तरीही गावाची नजर ही एक राखण होती. आजचा वर्ग मात्र शहरात दुसऱ्या मजल्यावर काचेच्या किंवा पत्र्याच्या दाराआड चालतो. खेड्यात तो आठवड्यातून दोनदा मोटारसायकलवरून येणाऱ्या मास्तरांच्या भरवशावर चालतो. मास्तर कोठले, शिकले कोणाकडे, आधीचे गाव त्यांनी का सोडले, हे विचारणारा पार उरलेला नाही. म्हणून ते काम आता आईबापांनाच करावे लागणार.

पहिली पाहणी शिक्षकाच्या शिक्षणाची. येथे प्रमाणपत्रांच्या झगमगाटाने पुष्कळांचे डोळे दिपतात. 'जागतिक', 'आंतरराष्ट्रीय', 'अखिल भारतीय' हे शब्द कोणत्याही नोंदणीकृत मंडळीला आपल्या कागदावर छापता येतात. मान्यतासुद्धा बदलत असते. कराटेचेच पाहा. भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०२० साली कराटे असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेची मान्यता काढून घेतली. तेव्हा भिंतीवरचा कागद कोणत्या संस्थेचा आहे, आणि ती संस्था आज मान्यताप्राप्त आहे काय, हे दोन्ही विचारावे. कुस्ती, जूडो, मुष्टियुद्ध यांसारख्या खेळांत पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेले शिक्षक असतात. ती संस्था १९६१ सालापासून चालू आहे. धारवाडात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे, आणि जिल्ह्याच्या युवजन व क्रीडा खात्याची कचेरीही आहे. तेथे जाऊन अमुक शिक्षक आपल्याला माहीत आहेत काय, असे विचारावयास पैसा पडत नाही.

पट्ट्यांविषयीही दोन शब्द सांगावयास हवेत. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीस जपानी भाषेत 'शोदान' म्हणतात. त्याचा अर्थ आरंभाची पायरी. म्हणजे काळा पट्टा बांधलेला मनुष्य पंडित झाला असे नसून, आता तो खरोखरीच्या अभ्यासाला लागला असे आहे. हे ध्यानात घेतले, म्हणजे वर्ष-दीड वर्षात लहानग्याला काळा पट्टा देऊ करणारा वर्ग काय विकतो ते उमगते. दर तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची वेगळी फी, पट्ट्याची वेगळी, गणवेश त्यांच्याकडूनच घ्यावयाचा, स्पर्धेची आणखी वेगळी, असा हिशेब असेल तर वर्षाचा एकूण खर्च आरंभीच कागदावर लिहून मागावा. प्रामाणिक शिक्षक तो लिहून देतो. वर्षाची फी आगाऊ भरा, परत मिळणार नाही, अशी घाई करणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा.

दुसरी पाहणी मुलाच्या हाडामांसाच्या रक्षणाची. या बाबतीत आम्ही वाचकांना एक दूरदेशीची परंतु फार बोध घेण्यासारखी हकीकत सांगतो. जूडो ही विद्या कानो जिगोरो नावाच्या शिक्षकाने १८८२ साली टोकियोत कोडोकान ही शाळा काढून घडविली. तिच्या त्या माहेरीच १९८३ पासूनच्या सुमारे ३० वर्षांत शाळांमध्ये जूडो शिकताना शंभराहून अधिक मुले दगावली. पुष्कळांच्या डोक्यास मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणि त्यांत नवशिक्यांचा भरणा मोठा होता. पडावे कसे हे पुरते अंगवळणी पडण्याआधीच त्यांना जोराने पाडले गेले होते. मुले गमावलेल्या आईबापांनी एकत्र येऊन आवाज उठविला, तेव्हा शिक्षकांची शिकवण आणि नियम सुधारले आणि मृत्यू झपाट्याने घटले. उलट फ्रान्समध्ये जूडो शिकणाऱ्यांची नोंदलेली संख्या जपानहून मोठी असूनही अशी मालिका घडली नाही. कारणे अनेक असतील. परंतु १९५५ सालच्या कायद्यापासून तेथे सरकारी पदविकेवाचून जूडो शिकविण्यास बंदी आहे, हे एक मोठे कारण मानले जाते. आपल्याकडे वर्ग काढणाऱ्यास अशा परवान्याची अट नाही. फलक लावला, की शिक्षक झाला. म्हणून कायद्याने जे पाहिले नाही, ते आपण पाहावयाचे.

काय पाहावयाचे? नव्या मुलाला पहिले काही आठवडे पडण्याचा सराव देतात की लगेच झुंजीस उभे करतात? खाली गादी आहे की उघडी फरशी? लहानास लहान आणि हलक्यास हलका असा जोड लावतात की थोरल्या दांडग्याच्या पुढ्यात सोडतात? पाणी प्यावयास मधून मधून सुटी आहे, की तहान मारणे म्हणजे शौर्य असे शिकविले जाते? डोक्याला मार लागून मूल गोंधळले, ओकले, पेंगू लागले किंवा डोके दुखते म्हणू लागले, तर त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये आणि थेट रुग्णालयात न्यावे, हा साधा नियम आज जगभर मानला जातो. तो शिक्षकाला ठाऊक आहे काय, हे त्याला सरळ विचारावे.

कुस्तीच्या वर्गाबद्दल आणखी एक सूचना. हलक्या गटात खेळता यावे म्हणून मुलांना उपाशी ठेवणे, पाणी तोडणे, जाड कपडे घालून घाम गाळावयास लावणे, हे प्रकार फार घातक आहेत. अमेरिकेत १९९७ साली अशा रीतीने वजन उतरविताना सहा आठवड्यांच्या आत महाविद्यालयातील तीन मल्ल प्राणास मुकले, आणि मग तेथील नियम बदलले. ते तर वयात आलेले तगडे तरुण होते. वाढत्या वयाच्या पोराला दूध, डाळ, अंडी, भाकरी यांचा खुराक पुरेसा आहे. डब्यातली पूड किंवा सुई पुढे करणाऱ्या शिक्षकाकडे मूल पुन्हा पाठवू नये.

आता तिसरी पाहणी, आणि तीच सर्वांत नाजूक. या विद्येत शिक्षकाचा हात मुलाच्या अंगाला लागतोच. उभे राहणे सुधारावयाचे, पकड दाखवावयाची, तर स्पर्श टळत नाही. म्हणूनच ज्याच्या मनात पाप आहे, त्याला येथे आडोसा सापडतो. खेड्यातील आपले लोक या विषयाचा उच्चार टाळतात. परंतु आपण टाळल्याने संकट टळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे हेच दिसते, की बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या शंभरांपैकी नव्वदाहून अधिक प्रकरणांत आरोपी हा मुलाच्या ओळखीचा असतो. अनोळख्या माणसापासून बचाव करावयास शिकविणारा वर्गच जर ओळखीच्या माणसाचा आडोसा झाला, तर त्याहून क्रूर थट्टा कोणती?

जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक, बजरंग पुनिया हे नामांकित मल्ल दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसले होते. महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांविरुद्ध त्यांचे आरोप होते. त्या आरोपांचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. तो आम्ही करीत नाही. परंतु एवढे खरे, की जगाच्या मैदानावर झुंजलेल्या स्त्रियांनाही बोलावयास एवढे धैर्य गोळा करावे लागले. मग आपल्या नऊ वर्षांच्या चिमुरडीने 'सर' म्हणून ज्याच्यापुढे मान लववायची, त्याच्याविरुद्ध आपण होऊन बोलावे, अशी अपेक्षा आपण कशी करावी? अमेरिकेत लॅरी नासर नावाच्या क्रीडावैद्याने कित्येक मुलींवर अत्याचार केले; काहींच्या बाबतीत तर त्यांचे आईबाप त्याच खोलीत बसलेले होते. २०१८ साली त्याला शिक्षा सुनावली गेली, तेव्हा दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली. म्हणजे नुसती आपली उपस्थितीही पुरत नाही. मुलाच्या तोंडी शब्द असले पाहिजेत, आणि ते ऐकावयास आपले कान मोकळे असले पाहिजेत.

म्हणून प्रवेशाच्या दिवशीच शिक्षकाला काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. मी न कळविता कोणत्याही दिवशी येऊन बसलो तर चालेल ना? मुलींच्या वर्गात एखादी बाई हजर असते ना? एकट्या मुलाला मागे थांबवून 'खास शिकवणी' देत नाहीत ना? फोनवर निरोप द्यावयाचा तो पालकांच्या फोनवरच येईल ना? कपडे बदलावयाची जागा वेगळी आहे ना? स्पर्धेसाठी परगावी नेताना कोण सोबत जाणार, कोठे उतरणार, मुलींबरोबर कोणती बाई असणार? चांगल्या शिक्षकाला हे प्रश्न झोंबत नाहीत. त्यात त्याचेही रक्षण आहे, हे तो जाणतो. 'माझ्यावर विश्वास नाही काय?' असे चिडून विचारणारा मनुष्य आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेला, असे समजावे.

आणि विश्वासाचे म्हणाल, तर आम्ही झगा घालणारी माणसे या बाबतीत कोणास शहाणपण शिकविण्याच्या जागी उभी नाही. ख्रिस्तसभेच्या घरातही लेकरांवर अत्याचार झाले, आणि कित्येक ठिकाणी संस्थेच्या अब्रूपायी ते झाकले गेले. म्हणूनच २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी असे प्रकार वरिष्ठांना कळविण्याचे बंधन सर्व धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर घातले. पोशाख पाहून विश्वास टाकू नये, हा धडा त्यातून मिळतो. मग तो पोशाख पांढरा झगा असो की काळ्या पट्ट्याचा गणवेश असो.

कायदाही आईबापांच्या पाठीशी आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा, लोक ज्याला पॉक्सो म्हणतात तो कायदा २०१२ सालचा आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा व मुलगी त्याच्या आश्रयाखाली येते. विश्वासाच्या जागी असलेल्याने केलेला अपराध तो अधिक गंभीर मानतो. असा अपराध घडल्याचे ज्याला कळेल, त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविणे हाही गुन्हा आहे. हे वर्गाच्या चालकास, मुख्याध्यापकास, सरपंचास आणि आम्हांसही लागू आहे. मुलाचे नाव उघड करण्यास कायद्याने मनाई केली आहे. तेव्हा 'बोभाटा होईल' या भीतीने गप्प बसू नये. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक फुकट आहे. तो मुलांना पाठ करवावा. पारावर बसून, चार वडीलधारी बोलावून, पैसे देऊन 'मिटविण्याचा' प्रयत्न मात्र कोणीही करू नये. त्याने मूल दुसऱ्यांदा मारले जाते.

मुलींच्या आईबापांस थोडे अधिक सांगावयाचे आहे. समग्र शिक्षा योजनेखाली सरकारी शाळांतील सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षणाचे शिक्षण देण्याची सोय आहे; ते आपल्या शाळेत मिळते काय, याची चौकशी करावी. कर्नाटक सरकारने आपल्या अशाच एका योजनेस ओबव्वाचे नाव दिले आहे. चित्रदुर्गच्या किल्ल्यातील पहारेकऱ्याची ही बायको. तिच्याजवळ ना पट्टा होता ना पदक. हातात मुसळ होते. तटाच्या फटीतून हैदर अलीचे शिपाई आत शिरत आहेत, हे तिने वेळेवर ओळखले, हे तिचे खरे शस्त्र. तीन महिन्यांच्या वर्गाने कोणी अजिंक्य होत नाही. वेळीच ओळखणे, मोठ्याने ओरडणे, पळणे आणि घरी येऊन सांगणे, या चार गोष्टी जो वर्ग शिकवितो तो चांगला. चार जणांना लोळविण्याचे स्वप्न विकणारा वर्ग मुलीला खोट्या धैर्याने संकटात लोटतो.

शेवटी आमची एक साधी सूचना आहे. आपल्या गावात असा वर्ग चालत असेल, तर पालकांनी आपसांत पाळ्या लावाव्यात. प्रत्येक दिवशी दोन घरांतील दोन मोठी माणसे, त्यांत एक तरी बाई, वर्ग सुटेपर्यंत तेथे बसावीत. भाजी निवडावी, जपमाळ ओढावी, काही करावे, पण बसावे. गावचा पार गेला असेल, तर वर्गाच्या पडवीत तो पुन्हा मांडावा. आणि घरी आल्यावर 'आज काय शिकलास?' याबरोबरच 'आज तुला कशाची भीती वाटली काय?' हेही विचारावे. मुलाला वर्गास जावेसे वाटेनासे झाले, तर भित्रा म्हणून त्याला हिणवू नये. आधी त्याला जवळ बसवून ऐकावे.

आपण बैल विकत घेताना त्याचे दात पाहतो, बियाणे घेताना चार दुकाने हिंडतो. लेकरू सोपविताना मात्र भिडेपोटी एक प्रश्न विचारावयास संकोचतो. हा संकोच यंदाच्या सुटीत टाकून द्यावा, एवढीच आपल्या सर्व कुटुंबांस आमची कळकळीची विनंती आहे.